मालक

नवऱ्यानं हात उगारला तेव्हा मी कारमध्ये शिरले. त्यानं बाहेरून चावी लावली, मी आतून खटका दाबून धरला. त्यानं चावी पिळून पिळून दाराचं लॉकच तोडलं. सकाळी शाळेत शिकवायला जाताना कार परतूरच्या चावीवाल्याकडं सोडली. कार माझ्या पगाराची, माझ्याच नावावर. “लॉक बदला. जुनी चावी कुठंच लागायला नको.” “बराबर. दाराला अन् स्टार्टरला एकच नवी चावी बसवतो, ताई.” “चावी मालकाशिवाय कुणालाच देऊ नका,” मी बजावलं. त्यानं गळ्याला हात लावला, “बिलकुल न्हाई देत.” शाळा सुटल्यावर आले. नवं लॉक उन्हात चकाकत होतं. “चावी?” “दिली की! मालक आल्ते. तुम्ही म्हणल्या तसं, त्यांच्याच हातात दिली.” त्याला शाबासकी हवी होती. मी बोलायच्या आत दाराचा खटका वर झाला. “बस,” आतून नवरा म्हणाला.