मागच्या खोलीतली ताटली

या मंडळी, जरा जवळ सरकून बसा. एका आईची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण ऐकताना मन जागं असू द्या.

मुलाचे साहेब बायकोला घेऊन जेवायला येणार होते. सून ओव्हनपाशी आणि सासूबाई शेजारी स्टुलावर.

"अगं, कोंबडीच्या विंग्ज आधी फडक्यानं कोरड्या टिप. मध आणि सोया सॉस अगदी शेवटी लाव. आधी लावलास की करपलाच. मधाला घाई सोसत नाही."

तेवढ्यात मुलगा आत आला. "आई, बेल वाजायच्या आत मागच्या खोलीत जा बरं. लोकांपुढं काहीबाही बोलत सुटतेस."

सुनेनं चार विंग्ज ताटलीत घालून मागच्या खोलीत गुपचूप सासूबाईंच्या हाती दिल्या आणि दार ओढून घेतलं.

साहेब बोटं चाटत म्हणाले, "वा वहिनी! गोड, खारट, सगळं बेतात. कुणी शिकवलं?"

"सासूबाईंनी."

"मग बोलवा की त्यांना!"

सुनेनं तोंड उघडायच्या आत मुलगा म्हणाला, "आई गेली हो, साहेब. मागच्याच वर्षी."

साहेबांच्या बायकोनं हात जोडले.

पाहुणे गेल्यावर सून धावत मागं गेली. ताटली भरलेली, तशीच.

"आई, एकसुद्धा खाल्ली नाहीत?"

"कशी खाऊ बाई? मेलेल्या माणसानं हाडं फोडली, तर बाहेर ऐकू जाईल ना. लेकराची फजिती झाली असती."

मायबापहो, पोटभर जेवून देवाला हात जोडाल, तेव्हा या माउलीची आठवण ठेवा. ती अजून आहे हो.