माशांचं बिऱ्हाड

नांदेडचं बिऱ्हाड लातूरला हलवताना वैजनाथनं सगळे मासे पाण्याच्या पिशव्यांत भरून आपल्या एसी गाडीत घेतले, आणि काचेच्या रिकाम्या टाक्या धरून बसायला आईला, चतुराबाईला, टेम्पोत चढवलं.

"माशांचे एवढे लाड कशाला रे?" तिनं विचारलं.

"घरच्या माणसावर येणारं संकट मासा आपल्या अंगावर घेतो, माय."

अहमदपूरजवळ टेम्पोनं करकचून ब्रेक मारला. टाक्यांना ओरखडाही आला नाही, चतुराबाईचा हात मात्र मोडला. दवाखान्यातून प्लास्टर घालून ती नव्या घरी पोचली, तेव्हा वैजनाथ मासे मोजत होता.

"माय, एकबी मासा मेला न्हाई बघ!"

 

"मरतील कशाला, लेकरा? त्यांच्यावरचं संकट म्या घेतलं की अंगावर!"