मोकळी मोटर

तिसगावचा शांतवन गिरणीवाला विजेच्या बाबतीत भारी काटकसरी. दहा बायकांचं दळण जमल्याशिवाय तो मोटरीचा खटका दाबत नसे. पलीकडच्या राधाकृष्णाची गिरणी मात्र गिऱ्हाईक असो नसो, दिवसभर घरघरत राही.

दुष्काळाच्या साली सरकारचा हुकूम आला. प्रत्येक गिरणीने गेल्या वर्षापेक्षा पाव हिस्सा वीज कमी जाळायची, नाहीतर कनेक्शन तोडणार! शांतवनच्या वाट्याची वीज वीस तारखेलाच संपू लागली. राधाकृष्णाने नुसती फुकटची घरघर थांबवली आणि तो महिनाभर आरामात दळत राहिला. शांतवनची गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे वळली.

राधाकृष्णाने साहेबाला नक्कीच चारलंय, असा संशय घेऊन शांतवन वीज कचेरीत गेला. साहेबाने शांतपणे दोघांचे कागद समोर ठेवले.

"नियम दोघांना एकच आहे. त्यांनी मागे जास्त जाळली म्हणून त्यांना जास्त. तुम्ही कमी जाळली म्हणून तुम्हाला कमी."

पुढच्या साली पाऊस झाला, धरणं भरली, हुकूम उठला. एका दुपारी बनुबाई बाजरीची पाटी घेऊन शांतवनच्या गिरणीत आली. पाहते तर मोटर भरधाव फिरतेय आणि तिचा पट्टा खुंटीला टांगलेला.

"अवो दादा, दळन न्हाई, कांडन न्हाई, मोकळी मोटर कशापायी फिरवताय?"



"फिरू दे, बनुबाई. उद्या सरकार पुन्हा बचत करा म्हनलं, तर वाचवायला कायतरी नको व्हय?"