ढोलाचं नवं पान

मैदानाच्या भिंतीला पाठ लावून भिकनआबा उभे होते. आत गुलमोहर क्लबची फुटबॉल मॅच चालू आणि आबा बाहेर, असं आजवर कधी घडलं नव्हतं. ढोल घरी ठेवून आले होते, पण तो वाजवायचं टिपरू काही हातातून सुटलं नव्हतं.

"भिकनभाऊ, आत जायला आता तिकीट लागतं का?" फाटकाशी शेंगांची गाडी लावणाऱ्या रंगूबाईनं विचारलं. "का भिंत पडंल म्हणून धरून उभे राह्यले?"

"ऊन हाय गं आत."

"अगंबाई! उन्हाला कधीपास्नं भ्यायला लागले तुम्ही?"

आबा काय सांगणार, कपाळ! सीझन सुरू झाल्यापासून गुलमोहर तिन्ही मॅच हरलं होतं, आणि तिन्ही मॅचला आबांनी जीव तोडून ढोल बडवला होता. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याचा ढोल वाजला की आपल्यावर गोल. चेष्टाच ती, पण पोरांच्या डोक्यात पक्की बसली. काल जेवताना महेश, म्हणजे आबांचा पोटचा पोरगा आणि टीमचा कॅप्टन, ताटातून मान वर न काढता म्हणाला, "आबा, उद्या नका येऊ. पोरं म्हणतात..." पुढचं त्यानं घासाबरोबर गिळून टाकलं. सून सुवर्णा भाकरी वाढता वाढता थांबली. मग आबाच घाईघाईनं म्हणाले, "अरे, मला बी उद्या मेथी काढायचीच हाय."

मेथी वाफ्यातच राहिली. पाय आपसूक इकडं वळले. वाटेत आबांनी मनाची समजूत घातली होती, की दोष नव्या पानाचा असणार. गणपती झाल्यावर ढोलाला नवं कातडं चढवलं, तेव्हापासूनच हे हरणं मागं लागलं. पान काय, बदलता येतं.

आतून शिट्टी वाजली आणि पाहुण्या टीमच्या बाजूनं ओरडा उठला.

"गोल खाल्ला," रंगूबाई फाटकातून डोकावून म्हणाली. "एक-शून्य."

आबा चटका बसल्यासारखे भिंतीपासून बाजूला झाले. इतक्या जवळ उभं राहिलो, तेच चुकलं. रस्ता ओलांडून ते समोरच्या बेकरीच्या पायरीवर जाऊन बसले. बसतात न बसतात तोच आपल्या पोरांचा आवाज आभाळाला भिडला.

"झाली बरोबरी, भिकनभाऊ! तुमच्या महेशनंच मारला!" रंगूबाई तिकडून ओरडली.

आबा टुणकन उठले. टिपरू वर उचललं, आणि हात तसाच राहिला. आपण लांब आलो आणि गोल झाला.

"या की इकडं! शेंगा देते, फुकट!"

"नको बाई."

एक मन म्हणालं, हरू दे आज. माझ्याशिवाय एकदा हरले, की कुणी बोट दाखवायचं नाही. पुढच्या रविवारी ढोल गळ्यात घालून मी आत. आणि लगेच आबांना स्वतःचीच शरम वाटली. पोटच्या पोरानं हरावं, असं बापानं म्हणावं? त्यांनी दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या आणि चालू लागले. बेकरी मागं पडली, शाळा मागं पडली, बाजार आला. रविवारची गर्दी, हॉर्न, भाजीवाल्यांचा गलका. मैदानावरचं काही म्हणजे काही ऐकू येईना. तरी आणखी थोडं लांब जावं, म्हणून ते बसस्टँडपर्यंत गेले. तिथल्या बाकावर बसल्यावर मात्र त्यांना रडू आलं. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं.

बऱ्याच वेळानं फोन वाजला. महेश होता.

"आबा! जिंकलो! दोन-एक! कुठं आहात?"

"वावरात. मेथी काढतोय." शेजारीच कंडक्टर नाशिकरोड, नाशिकरोड म्हणून ओरडत होता. "लय झ्याक झालं रे पोरा. लय झ्याक."

फोनमध्ये मागं ढोल घुमत होता. आबांनी फोन कानाशी घट्ट दाबला.

"कुणाचा ढोल रे ह्यो?"

"तुमचाच की! हाफटाइमला पोरांनी घरून उचलून आणला. सेकंड हाफभर वाजतोय. काय आवाज आहे हो आबा नव्या पानाला!"

म्हणजे पान चांगलं होतं. आबांनी टिपरू खिशात नीट आत सारलं.

"पुढची मॅच कधी हाय?"

"रविवारी. इथंच."

"मंग रविवारी मी सटाण्याला जाऊन येतो म्हंतो. चंद्रभागाकडं. बहिणीला भेटून लय दिस झाले."

फोनमध्ये ढोल वाजतच होता. मग महेश हळूच म्हणाला, "सकाळी लवकर गाडी असते, आबा."