गाळलेली ओळ

आग लागल्यावर काय करावं, हे चित्रांतून सांगणारे कारखान्यातले फलक चित्रकारच करायचा; हल्ली एआयला सूचना लिहून. एक दिवस साहेब नको तितक्या गोड आवाजात म्हणाले, “त्या सूचना जरा सविस्तर लिहून द्या ना. कुणालाही चित्र काढता आलं पाहिजे.”

चित्रकाराच्या मनात पाल चुकचुकली. कुणालाही, म्हणजे आपल्याशिवाय कुणालाही. त्याने रंग, चौकटी, बाण, माणसांचे चेहरे, सगळं इमानदारीत लिहून दिलं. एकच ओळ गाळली : ‘चित्रात अक्षरं काढू नकोस, मजकुराची जागा कोरी ठेव.’ कारण ते यंत्र चित्रं झकास काढायचं, पण अक्षरं म्हटली की नुसत्या किड्यामुंग्या.

आठवड्याने साहेबांनी स्वतः केलेला फलक दारावर लागला. एक शब्द लागेल तर शपथ. आता साहेब धावत येणार म्हणून चित्रकार चहालाही न उठता जागेवर बसून राहिला.

साहेब आले. सोबत मालकही होते.

“तुमचे फलक चांगलेच होते हो,” मालक चित्रकाराच्या खांद्यावर हात ठेवून, दारावरच्या त्याच किड्यामुंग्यांकडे कौतुकाने बघत म्हणाले, “पण साहेबांनी मजकूर किती सोपा केलाय, बघा.”