वेळेवर गेलेला माल

"उड्डाण पुन्हा पुढे ढकलण्यात आलं आहे," टीव्हीवरची मुलगी हसतमुखानं म्हणाली, आणि यज्ञेश्वर कुलकर्ण्यांनी रिमोट शोधण्याऐवजी टीव्हीची वायरच उपटली.

ही चौथी वेळ. सुप्याच्या एमआयडीसीतल्या त्यांच्या वर्कशॉपात चौदा माणसं मशीन बंद करून खुर्च्यांवर बसली होती. समोर पेढ्यांचा खोका आणि शेजारी नारळ. नारळ पहिल्या तारखेपासून तोच होता. पेढे मात्र दर तारखेला नवे आणावे लागत. भिंतीवर फ्लेक्स होता, ‘सुप्याची रिंग निघाली अवकाशात’. त्याखालच्या तारखेवर एकावर एक तीन कागद चिकटवून झाले होते. तेवढीच जागा आता गालफुगीसारखी दिसत होती.

"साहेब, तिथं पाटीच लावा आता," लेथवरचे पुंजाराम म्हणाले. "खडूनं लिवायचं. पुसायला बरं पडतंय."

खुर्च्यांमध्ये खसखस पिकली. कुलकर्णी आणखी पेटले.

"हसा. देशाचा उपग्रह वर जायचा आणि यांना एक तारीख पाळता येत नाही. पहिल्यांदा म्हणे वारा. दुसऱ्यांदा ढग. मग तांत्रिक कारण. आज परत तांत्रिक कारण. कसलं आलंय तांत्रिक? कुणीतरी कामचुकार बसलाय. त्याला शोधून आधी हाकलला पाहिजे."

रॉकेटच्या इंधनाच्या व्हॉल्व्हमध्ये बसणाऱ्या चाळीस रिंगा या वर्कशॉपातून गेल्या होत्या. अंगठीहून जरा मोठ्या. "आणि माझा माल? अठरा जानेवारी म्हणजे अठरा जानेवारी. संध्याकाळी पाचला टेम्पो गेटाबाहेर. एक दिवस इकडचा तिकडं नाही." हे त्यांनी चारही तारखांना सांगितलं होतं. आता पुंजारामांचे ओठ त्यांच्याबरोबर हलायचे.

तपासणीच्या टेबलाशी फरीदा शेख तेवढी गप्प होती. साहेबांच्या तोंडाचा पट्टा रोज तिच्यावरही चालायचा आणि ती मुकाट ऐकून घ्यायची. बाया विचारायच्या, कसं सोसतेस गं? त्याला कारण होतं. जानेवारीत जामखेडला तिचे वडील वारले, तेव्हा हा माणूस पहाटेच गाडी काढून तिथं पोचला. दफनाला थांबला. भाऊबंदांच्या रांगेत उभं राहून कबरीवर तीन मुठी माती दिली आणि मगच माघारी फिरला. त्या तीन मुठींपुढं त्याचं सगळं ओरडणं तिला हलकं वाटायचं.

फोन वाजला. नंबर बघून कुलकर्ण्यांचा चेहरा उजळला.

"अवकाश संस्थेचा फोन आहे. ऐका आता सगळे, कशी सुनावतो ते," म्हणत त्यांनी स्पीकर चालू केला.

सुनावायला सवडच मिळाली नाही. पलीकडचा अधिकारी मराठी होता आणि फार शांत होता.

"कुलकर्णी, व्हॉल्व्ह गळतोय. मागच्या वेळीही तोच होता. आज खोलून बघितला. तुमच्या रिंगेच्या कडेला धातूची खर राहिली आहे, नखाला लागते. तपासणीच्या कागदावर फरीदा शेख अशी सही आहे. त्या आहेत का तिथं?"

फरीदा उठून उभी राहिली. नखाला लागणारी खर तिच्या नखाला आठवत होती. सहा रिंगा तिनंच बाद करून लाल ट्रेमध्ये टाकल्या होत्या, आणि त्याच संध्याकाळी गावाकडून फोन आला होता. पाच दिवसांनी ती कामावर आली तेव्हा ट्रे रिकामा होता. "भंगारात टाकल्या, नव्या करून घेतल्या," असं साहेब म्हणाले होते. तिनं पुंजारामांकडे पाहिलं. नव्या रिंगा त्यांच्याच लेथवर व्हायला हव्या होत्या. पुंजारामांनी हळूच नकारार्थी मान हलवली.

कुलकर्ण्यांनी फोनवर तळहात दाबला. आवाज खाली आला होता, राग नाही.

"सही माझीच आहे म्हण. नजरचुकीनं झालं म्हण. आठ दिवस ओरडतील आणि विसरतील. नाही म्हणालीस तर उद्या या शेडला कुलूप लागेल. आणि सुप्यात तुला दुसरीकडं कोण उभं करतंय, ते मी बघतो."

"आणि हो म्हटलं, तर मघाशी ज्याला हाकलायचं होतं, तो कामचुकार मी," फरीदा म्हणाली.

"हळू बोल."

तिनं त्यांचा तळहात बाजूला केला आणि फोन हातात घेतला.

"फरीदाबाई," पलीकडून आवाज आला, "कागदावर अठरा जानेवारी ही तारीख आहे. सही तुमचीच ना?"

खोटी सही करतानाही कुलकर्ण्यांनी तारीख मात्र खरी टाकली होती. तारखेच्या बाबतीत माणूस पक्का.

"नाही साहेब," फरीदा म्हणाली. "अठरा तारखेला मी जामखेडला होते, माझ्या अब्बांची मयत होती. साक्ष पाहिजे तर कुलकर्णीसाहेबांनाच विचारा. अब्बांच्या कबरीवर तीन मुठी माती देऊन, त्याच हातानं माझी सही करायला ते इकडं परत आले."