कोंडिबाची सीट

निमोण्याच्या माळावर जयसिंगआप्पांचा जुना डोझर धडधडत होता, पण बॅटरी चार्ज होत नसल्याचा लाल दिवा काही विझत नव्हता. नवनाथ मिस्त्रीनं बॅटरी बदलली, पट्टा बदलला, वायरी नव्या ओढल्या. करंट तयार करणारा अल्टरनेटर तर हा तिसरा.

शेवटी त्यानं अल्टरनेटरच्या पाठीला पान्हा लावून पाहिला. करंट तयार होत असला की तिथं लोहचुंबकासारखी ओढ लागते. पान्हा निसटून खाली पडला.

"ह्यो बी मेलाय, आप्पा."

"कोंडिबा ड्रायव्हर होता तवा कवाच बिघडला न्हाई," आप्पा म्हणाले. "मशीन झकास चालायचं. त्योच तेवढा वाळत गेला."

डॅशबोर्डमागची वायर बघायला नवनाथ कोंडिबाच्या सीटवर बसला. दिवा विझला.

तो उठला, तर लागला. पान्हा मांडीवर ठेवून तो पुन्हा बसला. दिवा विझला आणि डॅशबोर्डवरचा काटा चार्जिंगकडं सरकला. त्यानं सीटखाली चाचपलं. तिथं एकही वायर नव्हती. भर उन्हात त्याचे पाय गार पडत चालले होते.

"आप्पा, मशीन बंद करा. माझा हात उचलंना झालाय."

आप्पांनी विझलेल्या दिव्याकडं पाहिलं, मग अर्ध्या सपाट झालेल्या माळाकडं.

"बसा तसंच, मिस्त्री," ते हळू म्हणाले. "एवढं रान हुईस्तवर."

नवनाथनं उठायला जोर केला. मांडीवरचा पान्हा आपसूक वर सरकला आणि त्याच्या छातीला घट्ट चिकटला.